तीन टक्के कुणाचे?

"माणूस किती वर्षे जगेल हे ज्याला सांगता येते, त्याला एक सतरा वर्षांची मुलगी विद्यापीठात जाईल की नाही, एवढे सांगता येणार नाही होय?"

हे वाक्य रविवारच्या जेवणात, भर पंगतीत उच्चारले गेले आणि सगळ्यांचे घास हातातच राहिले. वाक्य मामाचे होते! त्या घरात गेल्या तीन वर्षांत त्याने "पुरे", "नको" आणि "निघतो" यांपलीकडे फारसे काही बोलल्याची नोंद नव्हती. स्वतःचाच आवाज ऐकून मामा इतका दचकला की त्याने पाण्याऐवजी भाचीचा पेला उचलून तिचे सरबत पिऊन टाकले.

मामा एका विमा कंपनीच्या आयुर्मान गणना विभागात कामाला होता. खिडकीला पाठ करून बसायचे, समोर आलेल्या माणसाचे वय, वजन, सवयी आणि आजार पाहायचे, आणि तो आणखी किती काळ टिकेल याचा अंदाज एका पिवळ्या छापील कागदावर उतरवायचा, हे त्याचे काम. त्या विभागाचा एक कडक नियम होता. कागदावर नावाचा रकाना कोराच ठेवायचा. नाव कळले की हात कापतो, आणि कापणाऱ्या हाताने काढलेला आकडा कंपनीला नको असतो. मामाला हा नियम मनापासून आवडे. नावे असलेल्या माणसांशी बोलणे त्याला जन्मात जमले नव्हते.

नावासकट आवडणारे माणूस एकच, भाची. तिला दगडांचे वेड होते. नदीकाठचे, खाणीतले, रस्त्याच्या कामावरून उचलून आणलेले असे चाळीसेक दगड तिने बुटांच्या खोक्यांत जपून ठेवले होते आणि त्यांतल्या प्रत्येकाचे वय तिला तोंडपाठ होते. मामा माणसांचे उरलेले आयुष्य मोजी, ती दगडांचे सरलेले. दोघे तासन्‌तास एकमेकांशेजारी गप्प बसत आणि दोघांनाही वाटे, काय छान गप्पा झाल्या!

तिला टेकडीवरच्या विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकायचे होते. तिथे जागा एकशे वीस, आणि अर्ज येत चार हजार. तिच्या वडिलांचे, म्हणजे दाजींचे, चष्म्यांचे दुकान होते आणि त्यांनी मुलीसाठी गावातल्याच महाविद्यालयात डोळे तपासण्याचा अभ्यासक्रम हेरून ठेवला होता. ती जागा पक्की होती. अडचण एवढीच, की दोन्हीकडे शनिवारपर्यंत मूळ प्रमाणपत्रे जमा करायची होती. मूळ प्रमाणपत्रे असतात एकच जोड! टेकडीवर दिली आणि तिथे नकार आला, तर इकडची जागा गेली आणि वर्षही गेले.

"मी काही राक्षस नाही," दाजी म्हणाले. ते समोरच्या माणसाकडे नेहमी त्याच्या चष्म्याचा नंबर वाढलाय का, अशा नजरेने पाहत. "मेव्हणेबुवा, तुम्हीच हिशेब करा. शक्यता दहा टक्क्यांच्या वर निघाली, तर कागद टेकडीवर. खाली निघाली, तर सोमवारपासून पोरगी दुकानात."

"बाबा, माझं आयुष्य काय आकड्यावर ठरवणार?" भाची म्हणाली.

"आमच्या दुकानात सगळं आकड्यावरच ठरतं."

ताई मुलीच्या पाठीवर हात ठेवून भावाला म्हणाली, "नीट मोज हं. घाईघाईत काहीतरी करू नकोस."

आणि तेवढ्यात पंगतीच्या टोकाकडून दाजींचे वडील, आबा, ओरडले, "अरे, तिचं काढतोच आहेस, तर माझंही काढून टाक एकदा! किती उरलंय, कळू दे तरी!"

"बघतो, आबा," मामा पुटपुटला. नाही म्हणायला त्याला दोन वाक्ये लागली असती.

त्या रात्रीपासून बुधवारपर्यंत चार दिवस मामा त्या हिशेबाने अक्षरशः पछाडला. कोऱ्या कागदावर त्याला विचारच करता येईना, म्हणून त्याने कार्यालयातला पिवळा छापील कागद घेतला आणि सवयीने नावाचा रकाना कोरा सोडला. भौतिकशास्त्रातल्या गुणांसाठी त्याने शक्यता थोडी वाढवली, खेळात अर्धवट सोडलेल्या बुद्धिबळाखेरीज काहीच नाही म्हणून थोडी कमी केली. दगडांसाठी वाढवली, हट्टी स्वभावासाठी कमी केली. सहा पाने भरली. बेरजा वाढत्या भरतीसारख्या किनाऱ्यापर्यंत येत आणि मुकाट्याने परत जात. अखेर सातव्या पानावर आकडा स्थिर झाला. तीन टक्के!

त्याने पुन्हा मोजले. तीन. तिसऱ्यांदा मोजले. तीन! मामाने पेन खाली ठेवले आणि आपल्या व्यवसायात प्रथमच त्याला वाटले, की समोरचा माणूस आपल्या हातून गेला.

गुरुवारी संध्याकाळी तो ताईच्या घरी गेला. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एक असे त्याने धीराचे वाक्य पाठ केले होते. दार भाचीने उघडले आणि सत्तावीसच्या सत्तावीस वाक्ये गडगडत खाली गेली.

"मामा, हा बघ!" तिने त्याच्या तळहातावर एक काळसर दगड ठेवला. "सहा कोटी वर्षांचा आहे. त्याला विचार, एक वर्ष वाया गेलं तर काय बिघडतं!"

मामाने दगडाला काही विचारले नाही. दगड ऊबदार होता, तिच्या मुठीत होता म्हणून. तेवढ्यात जिन्यावर दाजींची पावले वाजली आणि मामाची पाचावर धारण बसली! खिशातून अर्धवट बाहेर काढलेला तो सातवा कागद त्याने घाईघाईने खिडकीजवळच्या टेबलावरच्या बुद्धिबळाच्या पटाखाली सारला.

"काय मेव्हणेबुवा, निघाला का आकडा?"

"उद्या," मामा म्हणाला. "निघतो."

आणि तो निघाला. कागद राहिला.

तो पट आबांचा होता.

शुक्रवारी दुपारी कार्यालयात ताईचा फोन आला. 

"तू लगेच ये. आम्हाला सगळं कळलंय. पटाखाली कागद सापडला."

मामा खुर्चीतून उठला. "सगळ्यांना कळलं?"

"अख्ख्या इमारतीला! तीन टक्के... अरे, मोजताना हात कसा नाही रे कापला तुझा?"

"नाव लिहिलं नव्हतं, ताई," मामा कसाबसा म्हणाला. पण पलीकडे कुणीतरी मोठ्याने नाक शिंकरले आणि फोन बंद झाला.

दाराबाहेर चपलाबुटांचा एवढा ढीग होता, की मामाला आपले बूट काढायला खालच्या मजल्यावर जावे लागले. आत शेजारीपाजारी भिंतीला टेकून, हलक्या आवाजात बोलत उभे होते. भिंतीवर आबांचा एक भला मोठा नवाकोरा फोटो लागला होता. केस ताजे कापलेले, नजर दूरवर. फोटोखाली खुद्द आबा त्याच पोजमध्ये बसले होते. शेजारी खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आबांचा हात हातात घेऊन बसले होते, आणि हे दृश्य तर मामाच्या कुठल्याच कोष्टकात बसेना! बुद्धिबळाच्या एका डावात आबांनी घोड्याला हात लावून मग दुसरेच मोहरे हलवले की नाही, यावरून हे दोघे अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते.

"लावला होता मी हात," आबा गहिवरून म्हणत होते. "घोड्याला हात लावला होता. आज कबूल करतो."

"जाऊ द्या हो," पोस्टमास्तरांनी डोळे पुसले. "काय राहिलंय आता त्या घोड्यात!"

मामाला भडभडून आले. एका मुलीचा प्रवेश हुकणार, म्हणून इतकी माणसे काम टाकून गोळा होतात! अकरा वर्षांची वैरे मिटतात! जगाविषयी आपण फार वाईट अंदाज बांधून होतो, असे त्याला वाटले, आणि त्या भरात त्याने आयुष्यातले दुसरे जाहीर भाषण केले.

"मी तीनदा मोजलं," तो म्हणाला. "चूक नाही. आता आपण सगळ्यांनी धीर द्यायला हवा."

खोलीत एक हुंदका फुटला. बहुधा दुधवाल्याचा असावा. आबांनी सकाळीच त्याला आपली वेताची काठी भेट दिली होती.

"तुम्हाला कधी कळलं?" दाजींनी विचारले. त्यांनी चष्मा काढला होता आणि त्यांचा चेहरा एकदम उघडाबोडका दिसत होता.

"बुधवारी."

"आणि बोलला नाहीस?" ताई म्हणाली.

"धीर झाला नाही, ताई. पण मी म्हणतो, एवढं मनाला लावून का घ्यायचं? शंभरातल्या सत्त्याण्णव जणांचं असंच होतं. आणि यंदा नाही जमलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करता येतो की!"

हुंदके थांबले.

"पुढच्या वर्षी पुन्हा?" पोस्टमास्तरांनी सावकाश विचारले.

"हो. पुष्कळ जण दोन-दोनदा करतात."

"कशाचा प्रयत्न, मेव्हणेबुवा?" दाजींनी विचारले.

"प्रवेशाचा!"

"कुठे?"

"वर!" मामाने टेकडीच्या दिशेने हात केला.

खोलीतल्या सगळ्यांनी छताकडे पाहिले. पोस्टमास्तरांनी तर टोपीही काढली.

"अरे, शुद्धीवर आहेस का तू?" आबा उसळून उभे राहिले. कालपासून त्यांनी कुणाच्याही हाती न दिलेला तो पिवळा कागद त्यांनी आतल्या खिशातून काढला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "हे बघा! वरती काय छापलंय? आयुर्मान गणना! पुढे, वय: विचारात घेण्याचे कारण नाही. म्हणजे इतकं झालंय, की विचारात घेण्यातही अर्थ उरला नाही! खेळ: बुद्धिबळ, डाव अर्धवट सोडण्याची सवय. हे तर मीच! दगड: सुमारे चाळीस, वेगवेगळ्या आकारांचे."

खोलीभर एक सुस्कारा पसरला.

"चाळीस!" आबांनी कागदावर बोट आपटले. "मागल्या खेपेला मुतखडा एकच निघाला होता, तर मी आठवडाभर लोळत होतो! आणि हे ऐका. स्वभाव हट्टी, मुलाखतीत अडचण संभवते. वर गेल्यावर विचारपूस होतच असणार, मला काय माहीत नाही? निकाल: मार्चअखेर. शक्यता: तीन टक्के!"

मामा त्या कागदाकडे पाहत राहिला. आपल्याच सुबक अक्षरातला प्रत्येक शब्द त्याला आता दोन माणसांकडे एकाच वेळी बोट दाखवताना दिसत होता, आणि वर नावाचा तो रकाना, स्वच्छ, कोरा, विभागाच्या नियमाप्रमाणे बिनचूक!

"आबा," तो अगदी हळू म्हणाला, "तो तुमचा नाही."

"मग कुणाचा?"

मामाला उत्तर द्यावे लागले नाही. स्वयंपाकघराच्या दारात भाची पाण्याच्या पेल्यांचा ट्रे घेऊन उभी होती. पेले एकमेकांवर बारीक किणकिणत होते.

"म्हणजे ते तीन टक्के माझे," ती म्हणाली.

खोलीतल्या माणसांची मोठी पंचाईत झाली. आबा मरणार नाहीत याचा आनंद करावा, तर मुलगी समोर उभी. मुलीचे दुःख करावे, तर दुःख आधीच खर्च झालेले! एकेक जण चपला शोधत निघून गेला. दुधवाला काठी परत करावी की नाही, या विवंचनेत दारात दोनदा थबकला आणि काठीसकट गेला.

दाजींनी चष्मा पुन्हा चढवला. "झालं. ठरल्याप्रमाणे. दहाच्या खाली. उद्या सकाळी प्रमाणपत्रं घेऊन मी स्वतः महाविद्यालयात जातो." त्यांनी कपाट उघडले, वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला. "प्रमाणपत्रांची फाईल कुठे आहे?"

 आबा स्वतःच्या फोटोकडे एकटक पाहत होते.

"आबा?"

"मला वाटलं, मी चाललोच आहे," आबा म्हणाले. "मग म्हटलं, जाता जाता पोरीचं काम तरी करून जाऊ. सकाळच्या बसने टेकडीवर जाऊन देऊन आलो. पोचसुद्धा घेतली आहे. निकालापर्यंत कागद परत देत नाहीत ते."

"मला न विचारता?"

"मेल्यावर तू मला काय बोलणार होतास?"

दाजींचा चेहरा लालबुंद झाला. "तीन टक्के, आबा! तीन! पोरीचं अख्खं वर्ष तुम्ही तीन टक्क्यांवर लावलंत!"

"अरे, कालपासून मी त्या तीन टक्क्यांतच तर राहत होतो!" आबांनी हात हवेत पसरले. "केस कापले, फोटो काढला, टेकडी चढलो, त्या खडूस पोस्टमास्तराशी समेट केला. भरपूर जागा असते त्यांच्यात. राहून बघ एकदा."

त्या दिवसापासून मार्चअखेरपर्यंतचे सात आठवडे मामाने कसे काढले, ते सांगण्याजोगे नाही. तो रोज माणसांचे अंदाज बांधी आणि रोज मनातल्या मनात प्रार्थना करी, की आपण चुकलेलो असू दे. आयुर्मान गणना विभागात अशी प्रार्थना करणारा तो बहुधा पहिलाच कर्मचारी असावा. भाची त्याच्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. ती नेहमीसारखी शेजारी बसे, पण आता त्या गप्प बसण्यात गप्पा नसत.

निकालाचे पत्र आले ते सगळ्यांसमोर फोडले गेले. पहिल्या एकशे वीस जणांत तिचे नाव नव्हते. दाजींनी "मी म्हणालो होतो" हे शब्द तोंडात आणले आणि मुलीचा चेहरा पाहून गिळून टाकले. ते त्यांचे मोठेच उपकार!

"खाली आणखी काहीतरी लिहिलंय," ताई म्हणाली.

प्रतीक्षायादी. क्रमांक चौथा.

म्हणजे चार हजारांत ती एकशे चोविसावी होती! मामाने पत्र दोनदा वाचले, आणि मग त्याच्या डोक्यात एक साधा भागाकार झाला. एकशे वीस भागिले चार हजार. शंभराला तीन. सात पाने, इतक्या दुरुस्त्या, चार दिवस, आणि त्याने काढलेला आकडा दारात उभ्या असलेल्या कुठल्याही अर्जदाराचा होता! तिच्या हुशारीचा, हट्टाचा, तिच्या त्या ऊबदार दगडांचा त्यात मागमूसही नव्हता. तो कुणाचाही असू शकत होता. म्हणून तर आबांना तो आपला वाटला.

"मामा," भाचीने विचारले, "चौथा नंबर म्हणजे किती आशा?"

मामाचा हात आपोआप खिशाकडे गेला. "म्हणजे एकशे वीस जणांपैकी चौघांनी यायचं नाही. आता सतरा-अठराच्या वयात, निरोगी प्रकृती धरली तरी, वर्षाला दर हजारी साधारण..."

"मामा!" सगळे एकदम ओरडले.

"म्हणजे दुसरीकडे गेले तर, असं म्हणायचं होतं मला," मामा लाल होत म्हणाला.

पण हिशेब त्याने केलाच, तिथेच, खिडकीजवळ बसून. या वेळी त्याने नावाच्या रकान्यात तिचे नाव लिहिले. हात चांगलाच कापला. मागच्या दहा वर्षांच्या याद्या त्याने आधीच मागवून पाठ केल्या होत्या. कधी दोन जागा सुटल्या होत्या, कधी सात. आकडा निघाला एकसष्ट टक्के.

"एकसष्ट!" दाजी स्वतःशीच म्हणाले. त्यांनी तो आकडा चष्मा लावून वाचला, काढून वाचला, आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या खिडकीत एक पाटी लावली: मदतनीस पाहिजे.

प्रतीक्षायादीची मुदत पंधरा दिवस होती. चौथ्या दिवशी एक जागा सुटली. नवव्या दिवशी दोन सुटल्या, आणि ताईने मुलीची बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली. मग दहावा दिवस गेला. अकरावा, बारावा. ती बॅग पलंगाच्या पायथ्याशी तोंड उघडून बसली होती, आणि येणारेजाणारे तिला वळसा घालून जात. पंधराव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता विद्यापीठाची खिडकी बंद झाली.

तीन.

तीनच जागा सुटल्या!

त्या संध्याकाळी खिडकीजवळच्या टेबलाभोवती सगळे बसून होते आणि कुणी कुणाकडे पाहत नव्हते. दाजींनी घसा साफ केला. "पाटी काढतो उद्या," ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, "एका वर्षापुरती."

मामाने पिवळा कागद पुढ्यात घेतला. तीन टक्के खरे ठरले होते आणि एकसष्ट खोटे. जो आकडा कुणाचाच नव्हता तो बरोबर आला, आणि ज्याच्यावर नाव होते तो चुकला. विभागाचा नियम किती शहाणपणाचा होता! त्याने तो कागद मधोमध फाडायला धरला.

"थांब!" आबा ओरडले. त्यांनी हात लांब करून कागद काढून घेतला. "फाडतोस कशाला? तिला त्यांचा उपयोग नाही झाला ना?"

"नाही, आबा."

"मग हे एकसष्ट टक्के मला दे. चांगले धडधाकट टक्के आहेत, वाया कशाला जायला हवेत?" आणि त्यांनी पटावरची पेन्सिल घेऊन, नातीच्या नावापुढे, त्याच रकान्यात, आपलेही नाव लिहिले.

भाची हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच. हसता हसता तिचे डोळे भरले, तशीच ती उठली आणि उघडी बॅग आपल्या हाताने बंद करून पुन्हा माळ्यावर ठेवायला निघाली. बॅग जड होती. तिने आत भरलेले दगड काढले नव्हते.

"राहू देत आतच," ती म्हणाली. "एका वर्षाने त्यांना काय फरक पडतोय!"

मामाने तिच्या हातातली बॅग घेतली आणि वर चढवताना त्याला प्रथमच वाटले, की आपण काहीतरी उपयोगाचे काम केले.

हे समाधान जेमतेम सकाळपर्यंत टिकले. कार्यालयात तो खुर्चीवर टेकतो न टेकतो, तोच ताईचा फोन!

"अरे, लगेच ये! आबा सकाळीच दुधवाल्याकडून काठी परत घेऊन आलेत, आणि तीच काठी आपटत खाली पोस्टमास्तरांच्या दारात उभे आहेत."

"का?"

"म्हणतायत, आता पुष्कळ वर्षं काढायची आहेत, तर खोटं बोलून कशाला काढू? घोड्याला हात लावलाच नव्हता!"